सुरूर फाट्यावरून आत

(दृश्य: सकाळचा महामार्ग, वळणाऱ्या गाड्या)

शनिवारची सकाळ. पुण्याकडून आलेल्या गाड्या सुरूर फाट्यावरून आत वळतात. बहुतेकांना महाबळेश्वर गाठायचंय. वाटेत वाई लागते, तिथे फार तर चहा होतो. आपण मात्र इथेच उतरू.

(दृश्य: कृष्णेचा घाट, पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी, ढोल्या गणपतीचा कळस)

गणपती आळीच्या घाटावरचं हे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. आतली मूर्ती एकाच पाषाणातली, आणि इतकी ऐसपैस की देवाला नावच पडलं ढोल्या. दर्शन घ्या, पण आधी देवळाच्या पाठीमागे या.

(दृश्य: मागची भिंत, जवळून)

ही भिंत सपाट नाही. दोन्ही अंगं तिरकी येऊन टोकाला मिळतात, होडीच्या नाळेसारखी. वाईकर माशाची उपमा देतात. देऊळ थेट नदीकाठी, त्यामुळे पावसाळ्यात कृष्णा चढली की पाणी पहिल्यांदा इथेच येऊन भिडणार. सपाट भिंतीवर त्याचा सगळा जोर आदळला असता. इथे लोंढा टोकावर फुटतो, दोन बाजूंना सरकतो आणि देवळाला वळसा घालून पुढे निघून जातो. अडीचशेहून जास्त पावसाळे हे असंच चाललंय. आत नारळ फोडून परत फिरणाऱ्यांपैकी कितीजण मागे डोकावतात? आम्ही चित्रीकरण करत होतो तेवढ्या वेळात दोघं आले, त्यातला एक चप्पल शोधत होता.

(दृश्य: घाटामागून घाट, नदीवरून)

भीमकुंड, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी... प्रत्येक आळीला आपला घाट. हिवाळा सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो, आणि देवी एकेका घाटाची पाहुणी होते. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं सांगतात.

मराठी विश्वकोशाचं कामही याच गावातून झालं. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, पहिला खंड १९७६ चा.

(दृश्य: मेणवली, वाड्याची मागची वाट, घाट, घंटा)

वाईहून थोडं पुढे मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, आणि वाड्यामागून थेट नदीत उतरणाऱ्या पायऱ्या. सिनेमात हा घाट तुम्ही कधी ना कधी पाहिलेला असणार. आता वर बघा. या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि साल आहे १७०७. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तिथल्या चर्चची ही घंटा फिरत फिरत कृष्णाकाठच्या देवळात आली.

(दृश्य: पसरणी घाट, वळणं, आकाशात पॅराग्लायडर)

घाटाच्या पायथ्याला पसरणी, शाहीर साबळ्यांचं गाव. वर पाचगणीच्या कड्यावर वारा धरला की ही रंगीत छत्रं दरीवर तरंगायला लागतात. खाली धोम धरणाचं पाणी चकाकतं. त्या पाण्याखाली गावं गेली, माणसं दूरच्या तालुक्यांत जाऊन वसली.

(दृश्य: कमळगडाची चढण, झाडी, मग उघडा माथा)

पायात ताकद असेल तर कमळगड. चढ दमवतो, पण झाडीतून जातो, म्हणून ऊन लागत नाही. माथ्यावर तटबुरुजांचा फारसा पत्ता नाही. ज्यासाठी यायचं ते आहे जमिनीच्या पोटात.

(दृश्य: कावेची विहीर, पायऱ्या, वरून खाली)

ही कावेची विहीर. जांभा कापत खाली नेलेल्या अरुंद पायऱ्या. वर फक्त आभाळाची एक पट्टी उरते. एकेक पायरी उतराल तसा गारवा अंगाला लागतो, आणि भिंती लाल होत जातात. हीच काव, म्हणजे गेरू. आपल्या अंगणातल्या तुळशीवृंदावनाला लावतात तोच. बोट फिरवलं की रंग निघतो.

(दृश्य: लाल झालेला तळहात, मग संध्याकाळचा घाट)

खाली उतरेपर्यंत घाटावर दिवे लागलेत. सुरूरकडे परतणाऱ्या गाड्यांची रांग पुलावर उभी आहे. कृष्णेच्या पाण्यात हात धुतले, तरी नखांतली काव अजून तशीच.