आनंदालय: रुद्रपूरची मातीची दुमजली इमारत

उत्तर बांगलादेश, दिनाजपूर जिल्हा. चहूकडे भातखाचरं. रुद्रपूर गावातल्या काटकोनी घरांमध्ये ही एकच इमारत नाचता नाचता थबकल्यासारखी दिसते.

हे आनंदालय. खाली दिव्यांगांसाठी उपचार केंद्र, वर बायकांची शिवणकामाची कार्यशाळा.

जर्मन वास्तुरचनाकार आना हेरिंगर या गावात पहिल्यांदा आल्या त्या दीपशिखा या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवक म्हणून, १९९७ च्या सुमारास. पुढे २००५ मध्ये त्यांनी इथेच माती आणि बांबूची ‘मेटी’ नावाची शाळा उभी केली. तिला आगाखान वास्तुपुरस्कार मिळाला. आनंदालय त्यानंतरचं.

आता हा चिखल पाहा. माती, पाणी, भाताचा पेंढा. शाळेच्या वेळी तो गुरांच्या पायांखाली तुडवून घेतला होता. हाताने एक थर रचायचा, वाळू द्यायचा, कडा फावड्याने तासायच्या, मगच वरचा थर. साचा लागत नाही, फळ्या लागत नाहीत. त्यामुळे भिंत सरळ न्या नाहीतर वळवा, खर्च तोच. हीच गोलाई काँक्रीटमध्ये मागा. ठेकेदार आधी सेंट्रिंगचा हिशेब मांडेल!

धास्ती असते ती पाण्याची. या भागातली जुनी मातीची घरं बुडातून खचायची, कारण पक्का पाया नसे आणि ओल थेट भिंतीत चढे. शाळेला म्हणून विटांचा पाया घातला, त्यावर ओल अडवणारा पडदा. आनंदालयात वरच्या मजल्याची बांबूची गॅलरी बाहेर काढली आहे. खालच्या भिंतींना तिचाच आडोसा.

आणि हा उतार. इमारतीला वळसा घालत तो थेट वरच्या मजल्यावर जातो. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला उचलून न्यावं लागत नाही, हे पाहून बरं वाटतं. आपल्याकडच्या किती समाजमंदिरांत ही सोय आहे? उताराखाली उरलेल्या जागेत मातीच्या गुहा झाल्यात. मुलं तिथं शिरली की लवकर बाहेर येत नाहीत.

मूळ बेत फक्त उपचार केंद्राचा होता. वरचा मजला नंतर वाढवला, तो दीपदी टेक्स्टाइल्ससाठी. इथल्या बायका जुन्या साड्यांना नवं रूप देतात. कपड्यांच्या कारखान्यात राबायला शहर गाठावं लागत नाही.

बांधकामाचा पैसाही असाच गावात राहिला. सिमेंट-सळईवर जो खर्च झाला असता, तो मजुरीत गेला. ठेकेदार गावचा, माती आणि बांबूचे कारागीर गावचे, त्यांत काही दिव्यांगही. २०२० मध्ये या इमारतीला वास्तुकलेचा आंतरराष्ट्रीय ओबेल पुरस्कार मिळाला.

मातीच्या भिंतीला डागडुजी लागतेच. कुठे पोपडा निघाला, कुठे कड झिजली, तर माती इथलीच आणि लिंपणारे हातही इथलेच.