सीपीयू तापून राह्यला

[दृश्य: उन्हानं पांढरा पडलेला रस्ता. वरच्या मजल्यावरची खोली. ओढलेले पडदे, खिडकीत घरघरणारा कूलर.]

मे महिना, दुपारचे दोन. धरमपेठेतली ही खोली. खिडकीत कूलर चालू आहे आणि टेबलाखाली कॉम्प्युटरचा पंखा त्याच्याही वरच्या पट्टीत ओरडतोय. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा दिसतो. ९४. मग ९५. मग ९६.

आणि ग्रुपवर निरोप येतो.

"सीपीयू तापून राह्यला भाऊ. ९६ दाखवून राह्यला."

मिनिटभरात उत्तर येतं. "कूलर पाहिला का?"

त्यावर लगेच प्रतिप्रश्न. "कोणता? आतला का खिडकीतला?"

हा प्रश्न नागपूरबाहेरच्या माणसाला पटकन कळायचा नाही. कॉम्प्युटरचे शौकीन सीपीयूवरच्या, म्हणजे प्रोसेसर या मुख्य चिपवरच्या पंख्याला आणि त्याखालच्या धातूच्या पात्यांना कूलर म्हणतात. पण आमच्याकडे कूलर म्हटलं की पत्र्याचा, तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या लावलेला, होळी झाली की माळ्यावरून उतरणारा कूलर. मग इथल्या गप्पांमध्ये दोन शब्द आपोआप तयार झाले. आतला कूलर आणि खिडकीतला कूलर. कोणी ठरवले नाहीत, कोणी समिती बसवली नाही. बोलता बोलता गरज पडली आणि शब्द झाले.

आमच्या कॉम्प्युटरच्या ग्रुपवरच्या या गप्पांमध्ये मी बरीच वर्षं आहे. हा लघुपट त्या गप्पांचा आहे. त्यात भाषणं नाहीत, कार्यशाळा नाही, बक्षीसही नाही. दुकानदार आहेत, कॉलेजची पोरं आहेत, निवृत्त लाइनमन काका आहेत, महाल भागातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. दिवसभर काहीतरी चालू असतं. कोणी काही विचारतं, कोणी ऐकून घेतं.

तर ९६ चं काय झालं?

प्रोसेसर कितीही महाग असो, त्याला गार करणारी हवा खोलीतलीच असते. खोली जेवढी तापते, साधारण तेवढाच प्रोसेसरही वर चढतो. २६ अंशांच्या खोलीत जो ७५ वर निवांत काम करतो, तोच ४० अंशांच्या खोलीत ९० च्या आसपास जातो. ९५ ते १०० च्या दरम्यान बहुतेक प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतात, आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद पडतं. २०१३ च्या मे महिन्यात या शहरानं ४७.९ अंश पाहिले आहेत. उन्हाळ्यात इथं मशीन चालवणं हा वेगळा अभ्यास आहे, आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

म्हणून दरवर्षी हा प्रश्न येतोच. इथं सीपीयू म्हणजे अख्खा डबा, कॅबिनेट. "सीपीयू खिडकीतल्या कूलरच्या समोर ठेवू का जी?"

दरवर्षी त्यावर तासभर बोलणं होतं, आणि दरवर्षी मला त्यात काहीतरी नवं मिळतं. कोणी म्हणतं, ओलसर हवेनं आत दव धरेल. काका समजावतात. दव गार वस्तूवर धरतं, आणि चालू मशीनचे भाग हवेपेक्षा गरम असतात, त्यामुळे त्याची भीती नाही. भीती आहे ती शिंतोड्यांची. ताटीतून उडालेला एक थेंब बोर्डावर पडला तर पुरे. दुसरी भीती धुळीची. कोरडी धूळ ब्रशनं झटकता येते. ओलसर हवेत तीच धूळ पात्यांमध्ये लिंपल्यासारखी बसते. पाणी जड असेल तर त्यातल्या क्षाराचा पांढरा थर वेगळा.

"समोर नोको ठेवू. खोलीत असू दे, पण झोत अंगावर नोको. अन् दुसरी खिडकी उघडी ठेव, दमट हवा बाहेर गेली पाह्यजे."

९६ वाल्या मुलानं झाकण उघडून फोटो टाकला. आतल्या कूलरच्या पात्यांवर करड्या धुळीची गोधडी. ती काढली, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसली आणि नवी लावली, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी जास्त. संध्याकाळी आकडा आला. ८१.

[दृश्य: फोनच्या पडद्यावर वर सरकत जाणारे निरोप.]

तापमानाचा विषय निघाला की ३० मे २०२४ ची आठवण निघतेच. त्या दिवशी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. देशभर बातम्या झाल्या. आमच्या ग्रुपवर मात्र पहिला निरोप होता, "बाकीचे सेन्सर काय म्हणून राह्यले?" शहरातल्याच दुसऱ्या केंद्रावर ४४ च्या आसपास आकडा होता. हवामान खात्यानंही नंतर सांगितलं की त्या केंद्राचा संवेदक बिघडला होता. ज्यानं आयुष्यात दहा पंखे आणि चार थर्मामीटर जोडून पाहिलेत, तो आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी आकडा देणाऱ्याची चौकशी करतो. ही सवय मला फार मोलाची वाटते.

काही प्रश्न पाच मिनिटांत मिटतात. एका मुलीनं निरोप लिहिलाच नाही, फक्त आवाज पाठवला. लांब बीप, थांबा, परत लांब बीप. मनीषनगरमधून उत्तर आलं. "रॅम काढ. खोडरबर मार." वायर काढायची, रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी अलगद उचलायची, तिच्या खालच्या सोनेरी दातांवर शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवायचं, चुरा झटकायचा, आणि दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज येईपर्यंत परत बसवायची. दातांवरचा मळ निघतो आणि मशीन सुरू होतं. पाच रुपयांच्या खोडरबरानं या शहरात किती मशीन उठवली असतील!

कोणाच्या मशीनचं घड्याळ रोज मागं जातं. त्याला सांगायचं, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जा आणि सीआर२०३२ घेऊन ये. बटणासारखा तीन व्होल्टचा सेल. नावातच माप आहे, २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. हे कळल्यापासून ग्रुपवरच्या एका आठवीतल्या मुलानं घरातल्या सगळ्या सेलांची मापं घेतली.

[दृश्य: रविवार सकाळ. पोह्यांचा ठेला. बाकावर पिशवीतून काढलेला जुना लॅपटॉप.]

रविवारी सकाळी जमेल ते भेटतात. तर्री पोहे हे निमित्त. प्लेट एका हातात, दुसऱ्या हातात कोणाची तरी हार्ड डिस्क. तर्री लॅपटॉपवर सांडू नये म्हणून मशीन नेहमी बाकाच्या दुसऱ्या टोकाला.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि प्रोसेसरही यादीतला लागतो. दहा-बारा वर्षांची चांगली चालती मशीन त्यात बसत नाहीत. तेव्हापासून बाकावर अशी मशीन जास्त येतात. "फॉरमॅट मारू का?" हा प्रश्न विचारला जातो, आणि त्याआधी काकांचा प्रश्न असतो, "फोटो कुठं आहेत घरचे? आधी ते काढ." फोटो निघाले, की मग विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकायची. जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी ही वेगवान डिस्क लावली, की पाच मिनिटं घेणारं मशीन अर्ध्या मिनिटात उघडतं. एका टेलरभाऊंचं बिलं करायचं मशीन असं उभं राहिलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या पोह्यांचे पैसे दिले. कोणाचं ऐकलं नाही.

याच बाकावर एकदा एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "काकाजी, कॅबिनेटले हात लावला का मुंग्या येतात."

काकांनी प्लेट खाली ठेवली. "चप्पल घालून बसतेस का अनवाणी?"

"अनवाणी."

"आज घरी गेल्यावर मशीन लावू नोको. मी येतो."

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेला, एक न्यूट्रलकडून. अर्थिंग असेल तर त्यांतून पाझरणारा अगदी बारीक प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा या दोघांच्या मधोमध लटकतो. घरातल्या २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. प्रवाह इतका कमी की झटका बसत नाही, मुंग्या येतात. पण त्या मुंग्यांचा अर्थ असा, की उद्या आत खरंच काही बिघडलं तर वीज जायला वाट नाही. ती वाट माणूस होईल.

काकांनी त्या घरी मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला. सॉकेटला तीन भोकं होती, वरच्या भोकाला मागं वायरच नव्हती. किती वर्षं नव्हती, कोण जाणे. हिरवी वायर ओढली, मल्टिमीटर लावला, फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास आकडा आला. जाताना काकांनी तिच्या आईला सांगितलं, "उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकत जा, ताई. जमीन कोरडी पडते." त्यानंतर आठवडाभर ग्रुपवर जो तो आपापल्या घरातलं तिसरं भोक तपासत होता. एवढ्यासाठीसुद्धा या गप्पा चालू राहिल्या पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: महालातलं जुनं घर. वह्यांचा गठ्ठा. कीबोर्डवर सावकाश चालणारी बोटं.]

आता बाईंची गोष्ट. ही सांगायची म्हणून मी कॅमेरा हातात घेतला.

बाईंचं माहेर अमरावतीकडचं. आईच्या तोंडच्या ओव्या, गाणी, म्हणी त्यांनी वह्यांमध्ये उतरवल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर त्या कॉम्प्युटरवर चढवायला घेतल्या. काही फोनवर टाइप केल्या, काही घरच्या मशीनवर. काही भाच्यानं जुन्या फॉन्टमधून बदलून दिल्या. एका रात्री त्यांनी लिहिलं, "वऱ्हाड हा शब्द शोधते आहे. मला माहीत आहे की तो पुष्कळ ठिकाणी आहे. मशीन थोडेच दाखवतंय. डोळ्यांना दिसतोय, पण मशीनला दिसत नाही."

त्या रात्री ग्रुप झोपला नाही.

एका मुलानं बाईंकडून दोन ओळी मागवल्या. एक सापडणारी, एक न सापडणारी. दोन्हींमधला शब्द फोडून एकेक चिन्ह वेगळं केलं. पहिल्यात सहा निघाली. व, ऱ, हलन्त, ह, काना, ड. दुसऱ्यात सात. व, साधा र, हलन्त, मग जोडक नावाचं एक अदृश्य चिन्ह, आणि पुढं ह, काना, ड. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे. तोच चंद्रकोरीसारखा अर्धा र. पण मशीन अक्षरं ज्या रीतीनं साठवतं त्या युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, तो अदृश्य जोडकही तीन घेतो. म्हणजे एक शब्द १८ बाइटचा आणि दुसरा २१ चा. मशीनसाठी दोन वेगळे शब्द.

हा जोडक जुन्या दिवसांची खूण आहे. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीच्या आधीच्या आवृत्तीत हा अर्धा र असाच काढत, आणि जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून ती रीत आजही चालते. ऱ ला स्वतःची जागा आहे, ती वापरणं बरं. पण कोणता कीबोर्ड काय घालतो ते टाइप करणाऱ्याला दिसत नाही.

पाच-सहा ओळींचा प्रोग्रॅम झाला. सात चिन्हांचे सगळे शब्द सहांचे करून टाकले. तरी काही उरलेच. भाच्याच्या फायलींमध्ये रफार पडला होता, वर्हाड, तर्हा, कर्हा असा. मुलगा म्हणाला, हेही एका फटक्यात बदलतो.

बाईंनी थांबवलं. "अर्हता बदलशील का? गर्हा? त्यात रफारच बरोबर आहे."

मुलाचा प्रोग्रॅम तिथं संपत होता आणि बाईंचं काम सुरू होत होतं. रफार असलेल्या शब्दांची यादी त्यानं काढून दिली. बाईंनी ती समोर ठेवून एकेक शब्द हातानं तपासला. तीन संध्याकाळी लागल्या. मधल्या वेळात त्यांनी ग्रुपला हेही सांगितलं की वऱ्हाड म्हणजे मुलूख, आणि वऱ्हाड म्हणजे लग्नाला निघालेली मंडळी, आणि आईच्या ओव्यांमध्ये बहुतेक दुसरं आहे.

एकदा त्यांनी विचारलं, "म्हणजे माझं टाइपिंग चुकलं होतं का रे?"

मुलानं लिहिलं, "नाही बाई. तुमचा शब्द बरोबरच होता. आतलं वेगळं होतं."

कॉम्प्युटरवर मराठीत बोलणं म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी त्या रात्रीचे निरोप दाखवीन. बाइट, हलन्त, काना, प्रोग्रॅम, "जोडक काढून टाक जी", "थांब बाप्पा, आधी कॉपी ठेव." कुठलाही शब्द परका वाटत नाही.

[दृश्य: आभाळ भरून आलेलं. गच्चीवर वाळत घातलेल्या कूलरच्या ताट्या उचलणारे हात.]

जूनमध्ये पहिला पाऊस आला, की खिडकीतला कूलर काम करेनासा होतो. हवेतच इतकी ओल असते की पाणी उडत नाही. टाकी रिकामी करायची, ताट्या काढायच्या. आतला कूलर मात्र वर्षभर असतोच.

आणि ग्रुपवर निरोप येतो.

"वीज कडाडून राह्यली. मोडेमची वायर काढू का जी?"

"काढ. आधी काढ, मग विचार."

"काढली."

"पीसीचीही?"

थोडा वेळ काही येत नाही. मग,

"हाव. दोन्ही काढल्या."