दोऱ्यांनी बांधलेलं चिलखत

नमस्कार श्रोतेहो. चित्रांबद्दल रेडिओवर बोलायचं, म्हणून आधी एक विनंती. क्षणभर डोळे मिटा आणि एक लाकडी पेटी मनात आणा. त्या पेटीवर सामुराईचं चिलखत बसलंय. शिरस्त्राण, मिशा लावलेला मुखवटा, खांद्यांवरून लोंबणाऱ्या रुंद ढाली, कमरेखालच्या झडपा, सगळं जागच्या जागी. आत माणूस नाही. जपानमध्ये चिलखत असंच मांडून ठेवतात, आणि मी गेली काही वर्षं ते असंच, रिकामं, काढते आहे.

माझी सुरुवातीची चित्रं फसली, कारण मी लोखंड काढत होते. करडा रंग, कडेला पांढरी चमक. चिलखत जड दिसायचं, पण सामुराईचं वाटायचं नाही. मग त्याची बांधणी वाचली. चामड्याचे आणि लोखंडाचे बोटाएवढे लहान खवले, त्यांना कोझाने म्हणतात. ते ओळीने बांधायचे, उरुशी झाडाच्या चिकाचे थर देऊन ओळ कडक करायची, आणि अशा ओळी रेशमी गोफांनी एकीखाली एक लटकवायच्या. या विणीला ओदोशी म्हणतात. म्हणजे लांबून आपल्याला दिसतं ते बरंचसं रेशीम! त्या दिवसापासून मी आधी दोरा काढते, धातू मागाहून.

नारा शहरातल्या कासुगा ताइशा या शिंतो देवस्थानात तांबड्या दोऱ्यांचं एक चिलखत आहे. त्यावर सोन्याच्या मुलाम्याचे बांबू, वाघ आणि चिमण्या आहेत. युद्धाच्या पोशाखावर चिमण्या! त्याचं छायाचित्र माझ्या टेबलासमोर कायम असतं. तो तांबडा नुसत्या लाल रंगाने येत नाही. मी खाली शेंदरी पातळ थर देते, तो पूर्ण वाळू देते आणि मग प्रत्येक गोफाच्या कडेला गडद रेघ ओढते. उरुशीच्या काळ्यासाठी ट्यूबमधला काळा वापरत नाही. नीळ आणि गडद तपकिरी मिसळला की त्या काळ्याला खोली येते. चमकेसाठी कागद कोरा सोडायचा. वरून पांढरा लावला की सगळं खडूसारखं दिसतं.

1543 मध्ये पोर्तुगीजांबरोबर बंदुका तानेगाशिमा बेटावर पोचल्या, आणि पुढे छातीवर सलग लोखंडी पत्रे आले. दोरेही विरळ झाले, जोडीजोडीने अंतर राखून ओवलेले. दाट विणीत पावसाचं पाणी मुरतं, चिलखत जड होतं, हेही एक कारण होतं. त्यामुळे चित्र काढणाऱ्याने आधी काळ ठरवावा. दाट दोरे आणि सलग पत्रा यांची सरमिसळ मला चित्रात लगेच खटकते.

शिरस्त्राणं तर वेड लावतात. होंदा तादाकात्सू या सामुराई सेनापतीच्या शिरस्त्राणावर हरणाची मोठी शिंगं आहेत, ती कागदाचे थर चिकटवून, वर उरुशी देऊन केलेली. एवढी मोठी शिंगं डोक्यावर पेलायची, तर ती हलकीच हवीत. दाते मासामुने या सरदाराच्या शिरस्त्राणावरची चंद्रकोर दोन्ही बाजूंना सारखी नाही. ती कंपासने काढू नका, हाताने काढा. काही शिरस्त्राणांवर चतुर बसलेला असतो. चतुर मागे उडत नाही अशी समजूत, म्हणून जपानीत त्याला ‘विजयी कीटक’ असं नाव आहे. त्याचे पंख काढताना मी श्वास रोखून धरते.

रेषा मी उतागावा कुनियोशी या एकोणिसाव्या शतकातल्या जपानी चित्रकाराच्या योद्ध्यांच्या छापचित्रांवरून गिरवत शिकले. अंग वळलं की चिलखताला कापडासारख्या चुण्या पडत नाहीत, ओळी एकमेकींवर सरकतात. हे त्याच्या चित्रांत फार नीट दिसतं.

आणि एकदा तरी चिलखत पाठीमागून काढून पाहा. जुन्या चिलखतांच्या पाठीवर मधोमध एक मोठी, गोंडे सोडलेली गाठ असते, आगेमाकी. खांद्यांच्या ढाली पुढे घसरू नयेत म्हणून त्यांचे दोरे हिला बांधतात. माझ्या टेबलावर सध्या तेच चित्र आहे. गाठ झाली, डावा गोंडा झाला. उजव्याचा शेंदरी थर अजून ओला आहे.