तुळईच्या पोटात काय चाललंय?

(दृश्य: जांबोटीचा रस्ता, पाऊस, कौलारू घरं)

खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडं जूनमध्ये पाऊस एकदा बसला, की गणपती येऊन गेले तरी हलत नाही. मलप्रभेचा उगम इथलाच. या पट्ट्यातली जुनी घरं मातीच्या भिंतींची. वर कौलं, आणि माळ्याचा, छपराचा सगळा भार लाकडावर. कुठं सागवान, कुठं किंदळ, ऐन, नाणा, फणस. भिंतीत ओल शिरली की तुळईचं गाडलेलं टोक ती आधी पितं. वाळवीही तिथूनच चढते. बाहेरून मात्र तुळई तेल दिलेली, गुळगुळीत, शंभर वर्षं अशीच राहील असं वाटायला लावणारी.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात बेळगाव जिल्ह्यात हजारो घरं पडली. तेव्हापासून जुन्या घराकडं बघताना मनात धास्ती असते. त्यात जुनं सागवान विकत घेणारे दारात येतात. धास्ती आणि रोख रक्कम एकाच वेळी समोर आली, की धडधाकट तुळईही खाली उतरते. हे थांबायला हवं, आणि थांबवता येतं.

(दृश्य: मेस्त्री शिडीवर, हातोडीनं तुळई ठोकताहेत)

"मामा, काढायची का ठेवायची, एकदाचं सांगा की ओ."

"इथं बद्द वाजतंय बघा. पण आत किती खाल्लंय, ते हातोडी कसं सांगणार?"

मेस्त्रींचा कान खोटं बोलत नाही. लाकूड कुठं बिघडलंय हे तो सांगतो. किती बिघडलंय, याचं उत्तर श्राव्यातीत ध्वनी देतो.

(दृश्य: यंत्र जवळून, दोन प्रोब, जेल)

सेकंदाला वीस हजारांहून जास्त कंपनं झाली, की तो आवाज माणसाला ऐकू येत नाही. या यंत्रात सहसा ५४ हजार कंपनं असतात. तुळईच्या एका अंगाला ध्वनी सोडणारा एक प्रोब, बरोबर समोरच्या अंगाला तो टिपणारा दुसरा. दोन्हींच्या तोंडाला जेल, कारण मध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी ध्वनी तिथंच अडतो. प्रोबच्या आत एक चकती असते. वीज दिली की ती थरथरते, आणि थरथर पोचली की वीज देते. यातला दुसरा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला.

ध्वनी एका प्रोबपासून दुसऱ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला, एवढंच यंत्र मोजतं. पडद्यावर आकडा येतो तो मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत. समजा तुळई २० सेंटिमीटर रुंद आहे. मधोमध १२५ मायक्रोसेकंद लागले, तर वेग सेकंदाला १६०० मीटर. लाकडाच्या आडव्या दिशेला साधारण १००० ते २००० मीटर वेग असतो, म्हणजे हे लाकूड ठीक. आता प्रोब एकेक वीत सरकवत भिंतीकडं न्या. १२८, १३०, १४५, आणि भिंतीलगत २६०. वेग निम्म्यावर आला. आत पोकळी असली की ध्वनी तिला वळसा घालून येतो, कुजकं लाकूड असलं की रेंगाळतो. वाट लांबते, आकडा चढतो. प्रत्येक जागी खडूनं आकडा लिहीत गेलं, की बिघाड कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते तुळईवरच उमटतं.

इथं घाई मात्र नको. सुकताना पडलेली एखादी उभी चीर दोन प्रोबच्या मध्ये आली, तरी आकडा चढतो, आणि लाकूड निरोगी असतं. तेव्हा दिशा बदलून वरून खाली मोजायचं, आणि मेस्त्रींना विचारायचं. चीर कुठली आणि कूज कुठली, हे त्यांच्या नजरेला पटकन कळतं. यंत्र आलं म्हणून मेस्त्रींना शिडीवरून उतरवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

(दृश्य: तुळईच्या लांबीवर दोन प्रोब)

तंतूंच्या दिशेनं हाच ध्वनी कितीतरी वेगानं धावतो, सेकंदाला सुमारे ४००० ते ६००० मीटर. या वेगावरून लाकडाचा ताठपणा काढता येतो. घनता गुणिले वेगाचा वर्ग. सागवानाची घनता घनमीटरला ६५० किलो धरली आणि वेग ४८०० मीटर आला, तर उत्तर सुमारे १५ गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक). प्रत्यक्ष वाकवून केलेल्या चाचणीपेक्षा हा आकडा सहसा थोडा जास्तच येतो, हे लक्षात ठेवून पुढचा हिशेब करायचा. शिवाय इथं वेगाचा वर्ग आहे. वेगात ५ टक्के चूक झाली, की उत्तरात १० टक्के होते.

आणि ताठपणा म्हणजे ताकद नव्हे. भार पडल्यावर तुळई किती वाकेल, ते ताठपणावरून कळतं. कधी मोडेल, याचा फक्त अंदाज बांधता येतो, कारण एखादी मोठी गाठ किंवा तंतूंची तिरकी गेलेली रेषा तिला ऐनवेळी दगा देते. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेनं भारतीय लाकडांच्या घनतेचे आणि ताकदीचे तक्ते तयार केलेत. ते छोटे, बिनगाठीचे नमुने मोडून मिळालेले आकडे आहेत. घरातली तुळई मोडून बघता येत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

ओलीचंही भान हवं. लाकडात ओल वाढली की वेग घटतो. हा फरक सुमारे ३० टक्के ओलीपर्यंत ठळक असतो. जुलैतला आकडा एप्रिलमधल्या आकड्याशेजारी ठेवून तुळई खंगली म्हणणं चूक. ओल मोजायचं छोटं यंत्र सोबत ठेवा आणि दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहा.

(दृश्य: भिंतीलगतचं कुजकं टोक कापताना)

या तुळईचं टोकच तेवढं गेलंय. कुजका भाग कापायचा, निरोगी लाकडापर्यंत जायचं, त्याच जातीचा सुका तुकडा सांध्यात बसवून लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट मारायचे. आधी खालून टेकू, मग करवत. किती भार पेलेल, ते इंजिनियरकडून तपासून घ्यायचं. आणि नवं टोक पुन्हा ओल्या मातीत गाडायचं नाही. खाली दगड, बाजूनं हवा.

काँक्रीट तपासायचं हे यंत्र सिव्हिलच्या प्रयोगशाळांत सहसा असतं, आणि बेळगावात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. तिथल्या पोरांनी एक उन्हाळा खानापुरातल्या माळ्यांवर काढावा. मेस्त्री सोबत घ्यावेत, आणि आकड्यांची वही मराठीत आणि कन्नडात लिहून घरमालकाच्या हातात द्यावी. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच खुणांवर पुन्हा मोजता येईल.