विकायला काढलेले दिवस

(दृश्य : माजुरो बंदर, सकाळ. प्रवाळाच्या कड्याने वेढलेलं संथ पाणी. साठ-सत्तर मीटर लांबीची मासेमारी जहाजं नांगरून उभी. काहींच्या माथ्यावर छोटं हेलिकॉप्टर.)

माजुरो. पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांची राजधानी. इथे जमीन म्हणजे पाण्यावर पसरलेली एक पट्टी. काही ठिकाणी रस्त्याच्या डाव्या हाताला महासागर आणि उजव्या हातालाही पाणीच.

पण बंदर बघा. तैवान, कोरिया, चीन, जपान, अमेरिका... सगळ्यांची जहाजं इथे येतात. माथ्यावरचं हेलिकॉप्टर हौसेचं नाही. माशांचा थवा कुठे उसळतोय, ते वरून हेरायचं त्याचं काम.

मासा आहे स्किपजॅक. टूनाचा एक प्रकार, आपल्या कुप्याचा जातभाई. जगात डबाबंद टूना म्हणून जो खाल्ला जातो, त्यात सर्वांत जास्त भरणा याचाच. आणि जगातला जवळपास निम्मा स्किपजॅक या परिसरात मिळतो.

(दृश्य : जाळं पाण्यात सुटतंय. एक छोटी होडी त्याचं टोक ओढत मोठं वर्तुळ पुरं करते.)

हे पर्ससीन. मालवण-रत्नागिरीच्या माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको. त्यावरून तिथे काय काय झालंय, ते तोच आपल्याला सांगेल. इथलं जाळं मात्र दीड-दोन किलोमीटर लांब. थव्याभोवती गोल फिरवायचं, तळाची दोरी बटव्यासारखी आवळायची, की एकाच वेढ्यात शंभर टन मासा वर येऊ शकतो.

आता प्रश्न असा, की हा मासा कोणाचा?

(दृश्य : नकाशा. निळ्या पाण्यात ठिपक्यांएवढी बेटं, प्रत्येकाभोवती मोठं वर्तुळ.)

किरिबाटी हा देश घ्या. सगळी बेटं एकत्र केली तरी जमीन ८११ चौरस किलोमीटर. पण किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या माशांवर त्या त्या देशाचा हक्क, हे तत्त्व जगाने स्वीकारलं आणि या चिमुकल्या देशाच्या वाट्याला सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्र आला. भारताच्या जमिनीपेक्षा मोठा.

कागदावर आला, असं म्हणूया. कारण अमेरिकेचं म्हणणं होतं की टूना हा भटका मासा, त्याच्यावर कोणा एका देशाचा हक्क कसला? १९८४ मध्ये सॉलोमन बेटांनी जीनेट डायना नावाचं अमेरिकी जहाज पकडलं. अमेरिकेने काय करावं? सॉलोमनचे मासे घेणंच बंद केलं! पुढच्या वर्षी किरिबाटीने थेट सोव्हिएत संघाशी मासेमारीचा करार केला. शीतयुद्धाचे दिवस ते. वॉशिंग्टनला जाग आली आणि १९८७ मध्ये अमेरिकेने पॅसिफिकच्या बेटांशी पैसे मोजून मासे धरण्याचा तह केला. मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग फार आवडतो.

तरीही हाती पडायचं ते चिल्लरच. पकडलेल्या माशांच्या किमतीच्या शेकडा पाच-सहा टक्के, कधी त्याहूनही कमी. जहाजवाले एका देशाला सांगायचे, शेजारी स्वस्तात परवाना देतोय. शेजाऱ्यालाही तेच.

यावरचा तोडगा १९८२ मध्येच कागदावर उतरला होता. मायक्रोनेशिया, किरिबाटी, मार्शल बेटं, नाऊरू, पलाऊ, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि पुढे तुवालू. या आठ देशांचा नाऊरू करार. पण त्याला खरी धार आली ती २००७ च्या अखेरीस, जेव्हा त्यांनी मासे नव्हे, परवानेही नव्हे, दिवस विकायला काढले.

(दृश्य : संगणकाचा पडदा. समुद्रावर सरकणारे ठिपके.)

पाटाचं पाणी कोणाच्या मालकीचं नसतं, पाळी असते. तसंच काहीसं हे. वर्षाला पर्ससीनचे एकूण दिवस किती, ते आठ जण मिळून ठरवतात. साधारण ४५ हजार. ते आपसांत वाटून घेतात. जहाजवाल्याने हवे तेवढे दिवस विकत घ्यावेत. पन्नास मीटरहून लहान जहाजाचा अर्धाच दिवस धरला जातो, ऐंशी मीटरहून मोठ्याचा दीड. प्रत्येक जहाजावर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र असतं. देशाच्या सागरी हद्दीची रेषा ओलांडली की दिवस खर्ची पडला.

मग पळवाटाही आल्याच. ‘आम्ही जाळं टाकलंच नाही, नुसते वाटेने चाललो होतो, तो दिवस आमच्या खात्यात परत करा.’ अशा अर्जांवरून बरीच घासाघीस चालते. २०१० पासून प्रत्येक पर्ससीन जहाजावर एक निरीक्षक असतो. परक्या खलाशांमध्ये आठवडेच्या आठवडे एकटा, त्यांच्याच चुका टिपून ठेवणारा. हे काम सोपं नाही. समुद्रावर निरीक्षकांचे जीवही गेले आहेत.

आणि दर? आठही देशांनी खालची पायरी ठरवली. २०१५ पासून दिवसाला किमान ८,००० डॉलर. परिणाम असा, की २०१० च्या सुमारास सगळ्यांची मिळून वर्षाची कमाई होती सहा कोटी डॉलर. पुढच्या काही वर्षांत ती पन्नास कोटींच्या घरात गेली. किरिबाटीच्या सरकारी तिजोरीत निम्म्याहून जास्त पैसा आज याच परवान्यांतून येतो.

मासा एका जागी राहत नाही, हीसुद्धा सोय त्यात आहे. एल निनोच्या वर्षी गरम पाणी पूर्वेला सरकतं, स्किपजॅक त्याच्यामागोमाग किरिबाटीकडे जातो. मग ज्याच्या समुद्रात मासा नाही, तो आपले उरलेले दिवस शेजाऱ्याला विकू शकतो.

(दृश्य : पाण्यावर तरंगणारा तराफा, त्याला बांधलेलं यंत्र.)

उणीव मात्र इथेच आहे. दिवसाला मर्यादा आहे, दिवसभरात किती ओढावं याला नाही. समुद्रात सोडलेल्या या तराफ्यांच्या सावलीला मासा जमतो. त्यावरचं यंत्र खाली किती मासा आहे ते जहाजावर कळवतं. कालच्या दिवसापेक्षा आजचा दिवस जड भरतो. तराफ्याखाली बिगआय या टूनाच्या दुसऱ्या जातीची पिल्लंही सापडतात. म्हणून वर्षातला काही काळ तराफ्यावरच्या मासेमारीला बंदी असते. आपल्याकडे पावसाळ्यात असते, तशीच एक बंदी म्हणा.

शिवाय बराचसा मासा इथून थेट जातो बँकॉकला. तिथे तो शिजतो आणि डब्यात भरला जातो. कारखान्यातल्या नोकऱ्याही तिथेच. पापुआ न्यू गिनीने काही कारखाने आपल्याकडे आणलेत, पण माजुरो किंवा किरिबाटीची राजधानी तारावा अशा ठिकाणी गोडं पाणीच अपुरं, मोठा कारखाना उभा करायचा कशावर?

आणि पाणी तापतंय. शास्त्रज्ञांचा अंदाज आहे की स्किपजॅक हळूहळू पूर्वेला, या देशांच्या रेषांबाहेरच्या खुल्या समुद्रात सरकेल. तिथे दिवस विकणारं कोणी नाही. २०२१ मध्ये पॅसिफिकच्या देशांनी जाहीर केलं, की समुद्र चढला आणि किनारे आत आले तरी आमच्या सागरी हद्दी आहेत तिथेच राहतील.

(दृश्य : माजुरो, संध्याकाळ. जहाजाच्या पोटातून गोठलेला स्किपजॅक जाळीत भरून शेजारच्या मालवाहू जहाजावर चढवला जातोय. कठड्याशी एक निरीक्षक वहीत आकडे लिहितोय.)

रात्रभर हे चालेल. रिकामं झालेलं जहाज मग पुन्हा खाडीबाहेर पडेल, आणि मालकाने घेतलेल्या दिवसांतला आणखी एक सुरू होईल.