मिनेस्ट्रोनेची बदनामी

नमस्कार, श्रोतेहो.

पाककृतींच्या पुस्तकात कॉलऱ्याची गोष्ट वाचलीय का तुम्ही कधी? मी वाचली, आणि तीही मिनेस्ट्रोने करायला म्हणून पान उघडलं तेव्हा. मिनेस्ट्रोने म्हणजे इटलीचं भाज्या घातलेलं दाटसर सूप.

साल १८५५. लेखक समुद्रस्नानासाठी लिव्होर्नो बंदरात आलेला. खाणावळीत मिनेस्ट्रोने ओरपतो आणि दोमेनिची नावाच्या गृहस्थाकडे घेतलेल्या खोलीवर झोपायला जातो. रात्री पोटात जी कालवाकालव सुरू होते! खोली ते संडास येरझाऱ्या, आणि दर खेपेला मिनेस्ट्रोनेचा उद्धार. सकाळी तो थेट फ्लोरेन्स गाठतो. तिथे बरंही वाटतं. मग बातमी येते : लिव्होर्नोत कॉलऱ्याची साथ आली, आणि पहिला गेला तो दोमेनिची. बिचारं मिनेस्ट्रोने उगाच बदनाम झालं! एवढं सांगून हा बाबा शांतपणे कोबी-पालक चिरायला घेतो.

त्याचं नाव पेलेग्रिनो आर्तूझी. रेशमाचा व्यापारी, जन्माचा ब्रह्मचारी. ‘स्वयंपाकाचं शास्त्र आणि चांगलं खाण्याची कला’ हे पुस्तक १८९१ मध्ये निघालं, तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता. प्रकाशक मिळेना, म्हणून पदरमोड करून हजार प्रती छापल्या. जन्मगावच्या जत्रेत सोडतीसाठी दोन प्रती पाठवल्या, तर जिंकणाऱ्यांनी थट्टा करत त्या तंबाखूवाल्याला विकल्या. म्हणजे पुड्या बांधायलाच की! पण पुढे वाचक पत्रांतून कृती कळवू लागले. पहिल्या आवृत्तीतल्या ४७५ कृतींच्या शेवटी ७९० झाल्या. प्रत्यक्ष चुलीशी उभे असायचे घरचा स्वयंपाकी फ्रांचेस्को आणि घर सांभाळणारी मारिएत्ता. १९११ मध्ये आर्तूझी वारला, तेव्हा पुस्तकाचे हक्क त्याने या दोघांच्या नावे करून ठेवले होते. मला तर त्याच्या सगळ्या कृतींपेक्षा ही गोष्ट जास्त आवडते.

तेव्हा इटलीतल्या बड्या घरांत मुदपाकखान्याची भाषा फ्रेंच असायची. फ्रेंचांकडे बल्लवाचार्यांची मोठी परंपरा. त्यांच्यातल्याच एस्कॉफिएचा १९०३ चा जाडजूड पाकग्रंथ हा व्यावसायिक आचाऱ्यांसाठीच. आर्तूझीने मात्र घरच्या बायकांना कळेल अशा इटालियनमध्ये लिहिलं. फ्रेंचांचा बेशामेल नावाचा पांढरा सॉस घेतला, पण त्याचं नाव केलं ‘बाल्सामेल्ला’. सॉस चालेल, नाव नको!

तर या पुस्तकापायी मी त्याचं गाव गाठलं. फोर्लिम्पोपोली. बोलोन्याहून रिमिनीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं साधंसं स्टेशन; बरेचसे प्रवासी पुढे समुद्रावर निघून जातात. चौकात किल्ला, किल्ल्यात नाट्यगृह. १८५१ च्या जानेवारीत इथे नाटक चालू असताना पडदा वर गेला, तर रंगमंचावर बंदुका रोखलेले दरोडेखोर उभे! त्या रात्री आर्तूझींचं घरही लुटलं गेलं. त्याच्या एका बहिणीला त्या धक्क्याने वेड लागलं, आणि मग कुटुंबाने गाव सोडून फ्लोरेन्स गाठलं. खाण्यावर इतकं हसतखेळत लिहिणाऱ्या माणसाच्या मागे हे होतं.

आता तिथे ‘कासा आर्तूझी’ आहे. ग्रंथालय, भटारखाना, वर्ग, सगळं एकाच आवारात. शिकवणाऱ्या बायकांना मारिएत्ताच्या नावावरून ‘मारिएत्ते’ म्हणतात. एकीने मला पियादिना लाटायला बसवलं. पियादिना ही त्या मुलखाची भाकरी म्हणा, पोळी म्हणा : गव्हाचं पीठ, डुकराची चरबी, मीठ, पाणी. मी सवयीने गरगरीत लाटली, तव्यावर टाकली, आणि ती टम्म फुगायला लागली. आपली तर मान ताठ झाली. तेवढ्यात बाईंनी काटा उचलला आणि टच टच टच, सगळे फुगे फोडून टाकले. मी बघतच राहिले. त्यांनी पुढचा उंडा माझ्या हातात दिला, आणि काटाही.