मिश्र डिझेल आणि गाडीचं ॲव्हरेज

डिझेलमध्ये बायोडिझेल (वनस्पती तेल किंवा चरबीवर प्रक्रिया करून केलेलं इंधन) मिसळलं की ॲव्हरेज पडतं का? पडतं. पण किती, ते कागदावर निघतं, आणि लोक तेवढंच करत नाहीत.

एक लिटर साध्या डिझेलमध्ये साधारण 36 मेगाज्यूल ऊर्जा असते, शुद्ध बायोडिझेलमध्ये 33. कारण बायोडिझेलच्या वजनात सुमारे 11 टक्के ऑक्सिजन असतो. तो धूर कमी करतो, पण स्वतः उष्णता देत नाही. आता 18 चं ॲव्हरेज देणारी गाडी घ्या. 7 टक्के मिश्रणावर ती 17.9 देईल, 20 टक्क्यांवर 17.7, शुद्ध बायोडिझेलवर साडेसोळा.

20 टक्क्यांवरचा हा 0.3 किलोमीटरचा फरक एका टाकीत दिसतच नाही. सायनला दोन सिग्नल जास्त लागले की तो गिळला जातो. मोजायचंच असेल तर तोच पंप, तेच नोझल, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, टायरची हवा तीच, आणि अशा निदान तीन टाक्या.

मग कुणी सांगतं, ॲव्हरेज दोनने पडलं. तो दोष मिश्रणाच्या ऊर्जेचा नाही, दुसरं काही बिघडलंय.

पहिला संशय डिझेल फिल्टरवर. बायोडिझेल चांगलं सॉल्व्हंट आहे; जुन्या टाकीच्या तळाचा गाळ सोडवून ते थेट फिल्टरमध्ये आणून टाकतं. गाडी ओढत नाही, म्हणून आपण खालच्या गिअरमध्ये रेटतो. जास्त बायोडिझेलचं मिश्रण पहिल्यांदा भरलं, तर दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदलाच.

दुसरं पाणी. बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा बरंच जास्त पाणी धरून ठेवतं, आणि जुलैत मुंबईच्या हवेत ते भरपूर. अर्धी टाकी ठेवून गाडी आठवडाभर उभी करू नका. फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून अर्धा कप डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या, दहा मिनिटं हलवू नका. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. स्क्रू घट्ट करून डिझेलच्या लाइनमधली हवा काढा, नाहीतर गाडी सुरू व्हायला त्रास देईल.

तिसरं डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यातली काजळी जाळायला अनेक गाड्या सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात. बायोडिझेलची वाफ उशिरा होते, म्हणून थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. दादर ते परळ एवढ्याच फेऱ्या असतील तर जाळणं अर्धवट राहतं, गाडी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि ॲव्हरेज खरं तिथे जातं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ते पातळ झालेलं असतं.

इथेनॉल डिझेलमध्ये नीट मिसळत नाही, पाणी लागताच वेगळं होतं. घरी करून पाहू नका.

आणि वड्याचं उरलेलं तेल. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून त्याचं बायोडिझेल होतं, ते उत्तम. नुसतं गाळून ओतलेलं तेल 40 अंशांनाही डिझेलच्या साधारण दहा पट घट्ट. इंजेक्टरमधून तुषार नाही, धार पडते. ती अर्धवट जळते, नोझलच्या तोंडाशी कार्बन साचतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये इंजेक्टर काढायची पाळी येते.